अदृश्य तटबंदी

समुद्र हाच ज्या देशाचा खंदक, त्या देशाला तटबंदीची गरज ती काय? इंग्लंडातील लोकांना शतकानुशतके असेच वाटत आले होते. त्यांच्या बेटाभोवती पाणी होते आणि त्या पाण्यावर त्यांचे बलाढ्य आरमार पहारा करीत असे. परंतु विमानाचा शोध लागला आणि हा खंदक जणू कोरडा पडला. पहिल्या महायुद्धात जर्मनीची विमाने समुद्र ओलांडून आली, लंडनवर बाँब टाकून परतली, आणि खालचे आरमार नुसते पाहत राहिले.

या संकटाचे मूळ एका साध्या गणितात होते. डोव्हर गावाजवळ इंग्लिश खाडीची रुंदी सुमारे ३४ किलोमीटर आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने येणारे विमान ती सात मिनिटांच्या आत ओलांडते. उलट, जमिनीवर उभ्या असलेल्या लढाऊ विमानास सहा हजार मीटर उंची गाठण्यास याहून अधिक वेळ लागे. म्हणजे शत्रू डोळ्यांना दिसल्यावर उड्डाण करावे, तर तो डोक्यावर येऊन गेलेला असे. मग सर्व विमाने दिवसभर आकाशात घिरट्या घालीत ठेवावीत काय? तेवढे पेट्रोल, तेवढी विमाने आणि मुख्य म्हणजे तेवढे न थकणारे वैमानिक कोणत्याही देशाजवळ नसतात. स्टॅन्ली बाल्डविन हे इंग्लंडचे पंतप्रधान राहिलेले गृहस्थ. त्यांनी १९३२ साली संसदेत उघडपणे सांगितले, की बाँबफेकी विमाने आपल्या घरापर्यंत पोहोचणारच, त्यांना अडवू शकेल अशी शक्ती पृथ्वीवर नाही. राज्यकर्त्याच्या तोंडून असे शब्द ऐकून लोकांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा.

त्या काळी इशारा मिळविण्याचा एकच उपाय ठाऊक होता. तो म्हणजे कान देऊन ऐकणे. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर डेंज नावाच्या ठिकाणी काँक्रीटच्या प्रचंड अंतर्वक्र भिंती उभारल्या होत्या. त्यांपैकी सर्वांत मोठी भिंत सुमारे ६० मीटर लांब होती. दूरच्या विमानाचा आवाज या भिंतीवर आदळून एकवटावा आणि तो पहारेकऱ्याने ऐकावा, अशी ती योजना. पण ध्वनीचा वेग ताशी सुमारे १२०० किलोमीटर. विमाने जसजशी वेगवान होऊ लागली, तसतसे आवाज आणि विमान यांमधील अंतर घटू लागले. वारा सुटला की ऐकू येईना. जवळून एखादी मोटार गेली तरी ऐकू येईना. काँक्रीटचे हे कान बहिरे ठरणार, हे जाणत्यांनी ओळखले.

जानेवारी १९३५ मध्ये हवाई संरक्षणाचा शास्त्रीय विचार करण्यासाठी सरकारने सर हेन्री टिझर्ड यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. त्याच सुमारास वर्तमानपत्रांतून ‘मृत्युकिरणां’विषयी चमत्कारिक बातम्या येत असत. असा किरण विमानावर सोडला की वैमानिक जागच्या जागी मरून पडेल, असे कोणी कोणी सांगत. हे खरोखरच शक्य आहे काय, असा प्रश्न सरकारी अधिकाऱ्यांनी रॉबर्ट वॉटसन-वॉट नावाच्या शास्त्रज्ञास विचारला. वॉटसन-वॉट यांनी आपले साहाय्यक अर्नोल्ड विल्किन्स यांच्यापुढे एक गंमतीचे उदाहरण ठेवले: पाच किलोमीटर अंतरावरील सुमारे साडेचार लिटर पाण्याचे तापमान काही अंशांनी वाढविण्यास रेडिओलहरींची किती शक्ती लागेल? विल्किन्स यांनी ताबडतोब ओळखले, की साडेचार लिटर म्हणजे माणसाच्या शरीरातील रक्त! त्यांनी हिशेब केला आणि उत्तर दिले, की हे होणे नाही. इतकी प्रचंड शक्ती निर्माण करणारे यंत्र कोणाजवळही नाही.

येथेच गोष्ट संपावयाची. परंतु विल्किन्स यांना एक जुनी तक्रार आठवली. टपालखात्याच्या अभियंत्यांनी म्हटले होते, की जवळून विमान गेले म्हणजे रेडिओच्या ग्रहणात खरखर होते. अभियंत्यांच्या दृष्टीने हा एक उपद्रव होता. विल्किन्स यांच्या दृष्टीने तो एक धागा होता. विमानाला मारता येत नसेल. पण त्याच्यावर आदळून परतलेल्या लहरीवरून ते कोठे आहे, हे तर कळेल!

सह्याद्रीच्या घाटात उभे राहून समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली, तर थोड्या वेळाने आपलीच हाक परत येते, हे तुम्ही अनुभवले असेल. हाक जाऊन परत येण्यास किती वेळ लागला हे मोजले, तर कडा किती लांब आहे ते सांगता येते. रडारचे तत्त्व याहून निराळे नाही. केवळ हाकेच्या जागी रेडिओलहर असते, आणि तिचा वेग एका सेकंदास तीन लाख किलोमीटर एवढा असतो. दीडशे किलोमीटरवरील विमानाकडे गेलेली लहर एका सेकंदाच्या पाचशेव्या नव्हे, हजाराव्या भागात परत येते. इतका सूक्ष्म काळ साधे घड्याळ दाखवू शकत नाही. तो त्या काळी काचेच्या नळीच्या पडद्यावरील चमकत्या रेषेवर मोजावा लागे.

कल्पना सुंदर होती. पण संशोधनखात्याचे प्रमुख ह्यू डाउडिंग हे कागदावरच्या सौंदर्यावर भाळणारे गृहस्थ नव्हते. प्रथम प्रयोग करून दाखवा, मग पैशाचे पाहू, असा त्यांचा रोख होता. २६ फेब्रुवारी १९३५ या दिवशी डॅव्हेंट्री गावाजवळ तो प्रयोग झाला. तेथे बी.बी.सी.चे एक रेडिओ प्रक्षेपण केंद्र होतेच. त्याच्याच लहरींचा उपयोग करण्याचे ठरले. एका शेतात मोटारगाडी उभी करून तिच्यात ग्रहणयंत्र मांडले. वरून हेफर्ड जातीचे एक बाँबफेकी विमान येरझारा घालू लागले. मोटारीतील दोघे-तिघे श्वास रोधून पडद्याकडे पाहत होते. विमान जवळ आले, तसा पडद्यावरील हिरवा ठिपका लांबू लागला. दूर गेले, तसा तो आखडला. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमानाचा माग लागला. पैसा मिळाला.

त्या वर्षाअखेर लंडनच्या वाटेवर पाच केंद्रे उभारण्याचे ठरले. लवकरच बॉड्सी नावाच्या समुद्रकाठच्या एका वाड्यात शास्त्रज्ञांचे बिऱ्हाड थाटले गेले, आणि १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्धाला तोंड लागले तेव्हा किनाऱ्यावर अशा सुमारे वीस केंद्रांची साखळी तयार होती. तिचे नावच मुळी ‘चेन होम’, म्हणजे घरची साखळी. लहरी सोडणारे पोलादी मनोरे ११० मीटर उंच, तर परतलेल्या लहरी टिपणारे लाकडी मनोरे ७३ मीटर उंच. अनुकूल स्थितीत दीडशे किलोमीटरहूनही लांबचे विमान त्यांना दिसे.

ही यंत्रे उत्तम होती काय? मुळीच नव्हेत. त्यांना केवळ समुद्राकडचे दिसे. पाठीमागे, भूमीवर काय चालले आहे ते कळत नसे. पाण्यालगत खालून उडणारी विमाने त्यांच्या दृष्टीतून निसटत, म्हणून पुढे त्यांच्या जोडीला दुसरी, फिरत्या अंगाची यंत्रे बसवावी लागली. वॉटसन-वॉट यांना हे दोष ठाऊक होते. परंतु सर्वोत्तम वस्तू कधीच तयार होत नाही, दुसऱ्या प्रतीची फार उशिरा येते, म्हणून आज हाती येणारी तिसऱ्या प्रतीची वस्तू घेऊन कामाला लागावे, असे त्यांचे मत होते. माझ्या मते हे त्यांचे मत त्यांच्या शोधाएवढेच मोलाचे होते. ते आणखी चांगल्या यंत्राची वाट पाहत बसते, तर १९४० च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर काहीच उभे नसते.

आता लढाऊ विमानांकडे वळू. हरिकेन हे विमान नोव्हेंबर १९३५ मध्ये प्रथम उडाले आणि स्पिटफायर मार्च १९३६ मध्ये. दोन्हींना आठ-आठ मशीनगन. हरिकेनच्या शेपटीकडील भागास कापडाचे आवरण असे; ते दिसण्यात ओबडधोबड, पण बांधण्यास आणि दुरुस्त करण्यास सोपे. स्पिटफायर अधिक वेगवान आणि अधिक देखणे. त्याचा रचनाकार रेजिनाल्ड मिचेल कर्करोगाने आजारी असतानाही काम करीत राहिला आणि १९३७ साली वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी वारला. आपल्या विमानाने काय केले, हे पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

विमाने होती, रडारही होते. परंतु एवढ्याने देशाचे रक्षण होत नाही. विहिरीत पाणी आहे आणि घराला आग लागली आहे. मधल्या माणसांची रांग जर नसेल, तर त्या पाण्याचा काय उपयोग? जुलै १९३६ मध्ये लढाऊ विमानांच्या दलाचे आधिपत्य डाउडिंग यांच्याकडे आले. त्यांनी चार वर्षे खपून जे उभे केले, ती ही रांग होती.

पहिला प्रश्न असा, की समुद्रावरून चालून येणारे विमान पडद्यावर दिसले, तरी आपल्या वैमानिकाने नेमके कोणत्या दिशेने जावे? १९३६ साली बिगिन हिल येथील विमानतळावर याचे प्रयोग झाले. गणिते करीत बसावे, तर शत्रू पुढे निघून जाई. तेव्हा टिझर्ड यांनी एक सोपी युक्ती सुचविली. आपले विमान आणि शत्रूचे विमान यांना जोडणारी एक रेषा मनात काढावी. शत्रूचा मार्ग त्या रेषेशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन दुसऱ्या टोकाकडून करून आपण निघावे. वेग सारखा असेल, तर दोघांची गाठ शिरोबिंदूवर पडलीच पाहिजे. माझ्या वर्गात एका मुलाने एकदा विचारले होते, “गुरुजी, समद्विभुज त्रिकोणाचा व्यवहारात काय उपयोग?” तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते. आज तो भेटला, तर त्याला हा पाठ वाचावयास देईन.

दुसरा प्रश्न बातमीचा. प्रत्येक केंद्रातून दूरध्वनीने येणारे वृत्त लंडनजवळच्या बेंटली प्रायरी येथे भूमिगत खोलीत एकत्र होई. एकच विमान तीन केंद्रांना दिसले, म्हणजे तीन विमाने आली असे नव्हे. म्हणून तेथे सर्व वार्ता ताडून, गाळून घेतल्या जात. त्या खोलीचे नावच ‘गाळणीची खोली’ असे होते. गाळलेली वार्ता तेथून गटांच्या आणि विभागांच्या ठाण्यांकडे जाई. किनारा ओलांडून शत्रू आत आला, की रडार आंधळे होई. तेथून पुढे ‘ऑब्झर्व्हर कोअर’ नावाचे पथक काम करी. त्यात सुमारे ३०,००० माणसे होती. दुकानदार, शेतकरी, शिक्षक अशी ही साधी माणसे; जवळजवळ हजार चौक्यांवर ऊनपावसात उभी राहून ती दुर्बिणीने आकाश न्याहाळीत.

प्रत्येक ठाण्यात एक मोठे टेबल असे आणि त्यावर नकाशा रंगविलेला असे. टेबलाभोवती महिला हवाई दलातील तरुणी कानाला दूरध्वनी लावून उभ्या राहत आणि लांब काठ्यांनी नकाशावर सोंगट्या सरकवीत. या सोंगट्यांच्या बाबतीत एक युक्ती मला फार आवडते. भिंतीवरील घड्याळाच्या तबकडीवर पाच पाच मिनिटांचे पट्टे रंगविलेले असत: तांबडा, पिवळा, निळा आणि पुन्हा तांबडा. वार्ता आली त्या क्षणी मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाची सोंगटी टेबलावर ठेवायची. वरच्या सज्जात बसलेल्या अधिकाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळे, की कोणती बातमी ताजी आणि कोणती शिळी. पाच मिनिटांत विमान कितीतरी पुढे गेलेले असते. तेव्हा शिळी बातमी ही खोट्या बातमीइतकीच घातक.

ही व्यवस्था काही पहिल्या दिवसापासून बिनचूक नव्हती. युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी शत्रू आल्याची चुकीची वार्ता पसरली, एकापाठोपाठ एक तुकड्या वर गेल्या, आणि पडद्यावर त्याच शत्रू म्हणून दिसू लागल्या. स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांवर गोळ्या झाडून ती पाडली. एक तरुण वैमानिक मृत्यू पावला. त्या भागात शत्रूचे एकही विमान आलेले नव्हते! या दुर्घटनेनंतर आपले कोण आणि परके कोण, हे पडद्यावरच ओळखता यावे म्हणून विमानात बसवावयाच्या खुणेच्या यंत्राचे काम जोराने हाती घेण्यात आले.

तुम्हांला वाटेल, जर्मनीजवळ रडार नव्हते की काय? होते, आणि काही बाबतींत ते इंग्रजांच्या यंत्रांहून सरस होते. परंतु यंत्रापासून वैमानिकापर्यंत बातमी पोहोचविणारी अशी बांधीव रांग त्यांनी त्या वेळी उभारली नव्हती. म्हणून इंग्रजांची रांग त्यांना उमगलीही नाही. मे आणि ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांचे एक प्रचंड वायुजहाज इंग्लंडच्या किनाऱ्यालगत हिंडून त्या उंच मनोऱ्यांचे रहस्य शोधीत होते. ते हात हलवीत परत गेले. गंमत अशी, की एवढा मोठा पाहुणा येताना इंग्रजांच्या पडद्यावर मात्र दिसला होता.

मे १९४० मध्ये जर्मनीच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. फ्रान्स मदतीसाठी लढाऊ विमाने मागत होता. मित्र बुडत असताना ‘नाही’ कसे म्हणावे? डाउडिंग यांनी मंत्रिमंडळापुढे जाऊन आणि १६ मे रोजी पत्र लिहून आपले म्हणणे मांडले. देशाच्या रक्षणास ५२ तुकड्या हव्यात असे ठरले होते आणि हाती उरल्या होत्या जेमतेम ३६. आणखी तुकड्या फ्रान्सला गेल्या, तर फ्रान्स वाचणार नाहीच. इंग्लंडही जाईल, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. हा निर्णय कठोर होता. फ्रान्समध्ये लढणाऱ्यांना तो किती कठोर वाटला असेल, हे विसरता येत नाही. परंतु अखेरीस तो मान्य झाला, आणि पुढच्या तीन महिन्यांत त्याचे कारण सर्वांना दिसून आले.

जुलैपासून जर्मन विमानांचे हल्ले सुरू झाले. १२ ऑगस्ट १९४० रोजी डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि व्हेंटनर या चार रडारकेंद्रांवर बाँब पडले. पहिली तीन केंद्रे काही तासांतच पुन्हा कामाला लागली. व्हेंटनर मात्र काही दिवस बंद राहिले. मनोरे कोसळले नाहीत, कारण पोलादी जाळीतून स्फोटाचा धक्का आरपार निघून जाई. मनोरे उभेच आहेत हे पाहून जर्मन सेनापती गोरिंग याने तीनच दिवसांनी अशा हल्ल्यांच्या उपयोगाविषयी शंका काढली, आणि ते पुढे नेटाने चालविले गेले नाहीत. शत्रूच्या चुकीचाही यशात वाटा असतो.

१८ ऑगस्ट रोजी पोलिंग येथील केंद्रावर हल्ला झाला. तेथे ॲव्हिस हर्न नावाची एक तरुणी दूरध्वनीवर बसली होती. शत्रूची मोठी झुंड आपल्याच डोक्यावर येत आहे, हे तिला कानांतील वार्तेवरूनच कळत होते. बाँब पडू लागले, भिंती हादरल्या, काचा फुटल्या. ती जागची हलली नाही. इतर केंद्रांची वार्ता ती पुढे सांगत राहिली. तिला शौर्यासाठी मिलिटरी मेडल देण्यात आले. तिच्या हातात बंदूक नव्हती, दूरध्वनी होता.

१५ सप्टेंबरला पंतप्रधान चर्चिल अक्सब्रिज येथील भूमिगत ठाण्यात येऊन बसले होते. टेबलावर सोंगट्यांची दाटी झाली. भिंतीवरील दिव्यांवरून दिसत होते, की त्या गटाची एकूण एक तुकडी लढाईत उतरली आहे. राखीव किती, असे चर्चिल यांनी तेथील सेनापती कीथ पार्क यांना विचारले. एकही नाही, असे उत्तर आले. त्या दिवशी जर्मन दलाची इतकी हानी झाली, की दोनच दिवसांनी हिटलरने इंग्लंडवरील स्वारी अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली.

या लढाईत इंग्लंडच्या लढाऊ दलाचे पाचशेहून अधिक वैमानिक व विमानसैनिक मृत्युमुखी पडले. त्यांत इंग्रजांबरोबर पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या देशांचे तरुण होते. डाउडिंग यांचा स्वतःचा मुलगाही त्याच लढाईत विमान चालवीत होता, तो वाचला. आणि हे यश अपुरेच होते, हेही सांगितले पाहिजे. ७ सप्टेंबरपासून लंडनवर मोठे हल्ले सुरू झाले होते. पुढे शत्रू मुख्यतः रात्री येऊ लागला. काळोखात नियंत्रकाने विमानाला शत्रूजवळ नेऊन सोडले, तरी वैमानिकास समोरचे काही दिसत नसे. मे १९४१ पर्यंत ४०,००० हून अधिक नागरिक बाँबहल्ल्यांत प्राणास मुकले. रात्रीच्या या अपयशावरून आणि लढण्याच्या पद्धतीवरून वाद माजला, आणि नोव्हेंबर १९४० मध्ये डाउडिंग यांना पदावरून दूर करण्यात आले.

डेंज येथील काँक्रीटच्या त्या भिंती अजूनही उभ्या आहेत. रडारचे बहुतेक मनोरे मात्र उतरविले गेले. बॉड्सीचा शेवटचा मनोरा २००० साली पाडण्यात आला. अक्सब्रिजची भूमिगत खोली जतन करून ठेवली आहे. तेथील टेबलावर १५ सप्टेंबर १९४० या दिवसाच्या सोंगट्या मांडलेल्या आहेत, आणि भिंतीवर तांबड्या, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांचे ते घड्याळ आहे.